मेट्रनबाईंचं बहुमत

"पाठ ताठ," सर म्हणाले. "मनगटं टेबलाला टेकता कामा नयेत. नजर समोर."

"अहो, मला टायपिंगच्या परीक्षेला बसायचं नाहीये," मेट्रनबाई फणकारल्या. "मला त्या चेअरमनला चार शब्द सुनावायचेत. ते कुठून सुनावायचे तेवढं दाखवा."

सरांनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला होता. क्लास बंद पडला, मशिनं भंगारात गेली, पण सरांच्या बोटांतला जोर काही गेला नाही. मुलीने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकल्यापासून ते त्या विषयातले जाणकार झाले होते. एकेक बटण असं दाबायचे की मांडणीतले पेले किणकिणायचे. शिकवायला मात्र विद्यार्थी एकच उरला होता, आणि तो म्हणजे स्वतःची बायको.

बायको एका मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. हॉस्पिटल सुटलं तरी मेट्रनपणा सुटला नव्हता. लिफ्टच्या दांड्यावरून बोट फिरवून त्या वॉचमनला धूळ दाखवत. बिल्डिंगमध्ये त्यांचं खरं नाव कुणालाही ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची हिंमतही नव्हती.

त्यांच्या आताच्या संतापाचं कारण एका नोटिशीच्या रूपाने दाराच्या फटीतून आत आलं होतं. गच्ची मोकळी करून तिथे व्यायामाची यंत्रं बसवायची, यावर विचार करायला चेअरमनने सभा बोलावली होती. हॉलमध्ये कुणी येत नाही म्हणून सभा ऑनलाइन. आता गच्ची मोकळी करायची म्हणजे काय? गच्चीवर होतं काय? मेट्रनबाईंचे गुलाब, मेट्रनबाईंचा पुदिना, आणि हॉस्पिटलने मोडीत काढलेल्या मोठ्या टपात वाढवलेलं लिंबाचं झाड. इतकी वर्षं नुसती पानं मिरवणाऱ्या त्या लिंबाला यंदा कुठे पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या.

"मोकळी म्हणे!" त्या पुन्हा उसळल्या. "माझी झाडं म्हणजे काय अडगळ आहे? आणि व्यायाम करणार कोण? तो चेअरमन? एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभा राहतो तो!"

"अगं, आधी शिकून घे, मग रागाव," सर म्हणाले. "हा बघ बाण. हा दाबला की मागच्या पानावर जायचं."

"मागे कशाला जायचं? मागचं बघून झालंय माझं."

"बरं, हा गोल बाण. पान अडकलं की हा दाबायचा. म्हणजे तेच पान पुन्हा नव्याने येतं."

"तेच ते पुन्हा? अहो, पेशंटला एकदा विचारलं की पुरे. सारखं विचारत राहिलं की तो काहीही सांगायला लागतो."

सरांनी मान हलवली. असला विद्यार्थी त्यांच्या क्लासात असता तर त्यांनी त्याची फी परत केली असती. "आणि हे अधिकाचं चिन्ह. हे दाबलं की नवा टॅब उघडतो. कोरा."

मेट्रनबाई पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकल्या. "कोरा म्हणजे अगदी कोरा? आधी कुणी वापरलेला नाही?"

"अगदी कोरा."

"ही पद्धत चांगली आहे," त्या म्हणाल्या. "हीच वापरायची. एकदा वापरलेली सुई पुन्हा कुणाला टोचायची नाही. दरवेळी नवी."

"आणि ही फुली," सरांनी आवाज खाली आणला. "हिच्या वाटेला जायचंच नाही. मी एकदा हात लावला आणि अर्ध्या तासाचं टायपिंग कुठे गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही."

तर असं शिक्षण झालं. मागे जायचं नाही, तेच पान पुन्हा मागवायचं नाही, फुलीला हात लावायचा नाही, आणि अडलं की नवा टॅब. सर शिकवण्यात कमी पडले असं कुणी म्हणू नये. विद्यार्थिनीने शिकलेलं सगळं तंतोतंत पाळलं, घोटाळा झाला तो त्यामुळेच.

सभेच्या दिवशी मेट्रनबाई कडक इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता, हे त्यांना सांगायचं धाडस सरांना झालं नाही. चेअरमनने पाठवलेली लिंक सरांनी खाडखाड आवाज करत उघडली, नावाच्या जागी 'मेट्रन' असं टाइप केलं आणि बाई सभेत दाखल झाल्या. पडद्यावर चेअरमनचं कपाळ दिसत होतं. कपाळाखालचा चेअरमन दिसत नव्हता.

"ऐकू येतंय का सगळ्यांना?" कपाळ म्हणालं, आणि तेवढ्यावर चित्र गोठलं.

"अडकला," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तो गोल बाण दाब."

"मुळीच नाही." त्यांनी अधिकाचं चिन्ह दाबलं, नवा टॅब घेतला, सरांकडून लिंक पुन्हा घालून घेतली. नाव लिहायचीही गरज पडली नाही, ते कॉम्प्युटरच्या लक्षात होतं. बाई पुन्हा सभेत दाखल झाल्या. कपाळ हललं, बोललं, आणि पुन्हा गोठलं. बाईंनी पुन्हा नवा टॅब घेतला.

जरा वेळाने गोठणं थांबलं, पण भलतंच सुरू झालं. चेअरमन एक वाक्य बोलले की तेच वाक्य मागून परत ऐकू यायचं, मग परत, मग परत, जणू दरीत तोंड घालून बोलत होते.

"गच्ची ही सर्वांची आहे," चेअरमन म्हणाले.

"सर्वांची आहे... र्वांची आहे... आहे... आहे," कॉम्प्युटर म्हणाला.

"कळलं!" मेट्रनबाई कडाडल्या. "एकदा सांगितलं की कळतं मला! अहो, बघितलंत? मला बोलायला मिळू नये म्हणून मुद्दाम घोळवून घोळवून बोलतोय."

"अगं, आवाजात काहीतरी बिघाड दिसतोय."

"बिघाड त्याच्यात आहे. द्या नवा टॅब."

नवा टॅब घेतला की आवाज आणखी वाढे. आवाज वाढला की बाई आणखी नवा टॅब घेत. वरच्या पट्टीवर टॅबांची इतकी दाटी झाली की एकेका टॅबवर नुसतं अर्धं अक्षर दिसायला लागलं. सरांनी फुलीकडे एकदा आशेने पाहिलं, पण आपणच दिलेली शिस्त मोडायची कशी? शेवटी त्यांनी कॉम्प्युटरचा आवाज बारीक केला, तेव्हा खोलीतला चेअरमनांचा जमाव जरा दबला.

तिकडे चेअरमन मात्र खुशीत होते. सभेला निदान दहा सभासद हजर असावे लागतात. गेली दोन वर्षं एकाही सभेला दहा माणसं जमली नव्हती. हॉलमध्ये बोलवा, जिन्यात बोलवा, लोक घरात दिवे बंद करून बसत. आणि आज पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत चालला होता. सात, नऊ, अकरा! नावं वाचायला चष्मा लागत होता आणि चष्मा आतल्या खोलीत होता. चेअरमनने आकड्यावर समाधान मानलं.

"एवढ्या मोठ्या संख्येने आलात, मन भरून आलं," ते म्हणाले. "गणसंख्या पूर्ण झाली आहे. आता सभेत जे ठरेल ते पक्कं. पडद्यावरचा आकडा अंतिम समजला जाईल, नंतर कुणी तक्रार करायची नाही."

"मला बोलायचंय," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्या बोलल्या. झाडं कुणी लावली, पाणी कुणी घातलं, बिल्डिंगमधल्या कुणाकुणाची पोटं त्यांच्या पुदिन्याने बरी झाली, सगळं सांगितलं. लिंबाच्या कळ्यांशी आल्या तेव्हा त्यांचा आवाज थोडा बसला, आणि तो बसलेला दिसू नये म्हणून त्यांनी आणखी चढवला. मोठं जोरदार भाषण झालं. ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण एवढ्या टॅबांपैकी एकाही टॅबमध्ये माइक चालू केलेला नव्हता.

"कुणालाच काही बोलायचं दिसत नाही," चेअरमन म्हणाले. "मग मत घेऊ. गच्ची मोकळी करायला ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करा. बाकीचे बाजूने धरले जातील."

मेट्रनबाईंनी हात वर केला. चांगला खांद्यातून ताठ.

"अगं, तो हात नव्हे," सर कळवळून म्हणाले. "तो कुणाला दिसत नाही. इथला हात. हा, पिवळा."

बाईंनी पिवळा हात दाबला.

"विरोधात एक," चेअरमन म्हणाले. "बाजूने दहा. ठराव मंजूर!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता मात्र सरांनी धावपळ करून माइकचं बटण शोधून दाबलं आणि बायकोचं तोंड माइकच्या दिशेने केलं.

"दहा? कोण दहा?" त्या गरजल्या. "मला नावं हवीत! ज्यांच्या तापात मी रात्ररात्र उशाशी बसले, इंजेक्शनं दिली, एक पैसा घेतला नाही, ते माझ्या लिंबावर उठले? वाचा नावं! एकेकाकडे बघते मी!"

"बाई, शांत व्हा. वाचतो. चष्मा आणतो, थांबा." कपाळ गेलं आणि चष्म्यासकट परत आलं. "हां. बाजूने, मी स्वतः. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर."

"डॉक्टरला मी बघून घेईन. पुढे?"

"पुढे... मेट्रन."

"मी इथे आहे. पुढचं नाव वाचा."

"मेट्रन."

"अहो, ऐकतेय मी! पुढे वाचा!"

"बाई, तेच वाचतोय. मेट्रन. मेट्रन. मेट्रन. इथून खाली सगळ्या मेट्रनच आहेत."

सर वरच्या पट्टीवरच्या त्या दाटीवाटीने उभ्या टॅबांकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "हे सगळे टॅब म्हणजे तूच आहेस. तू एकदा विरोध केलायस आणि बाकी सगळ्या वेळा गप्प बसलीयस. तुझ्या विरोधात तुझंच बहुमत झालंय."

"मी? मी आणि गप्प?" बाईंना त्यातला हा भाग सर्वांत जास्त लागला.

"हे पाहा," चेअरमन घाईघाईने म्हणाले, "आकडा अंतिम, असं आधीच ठरलंय. बाईंनी स्वतः एवढ्या मोठ्या संख्येने पाठिंबा दिलाय, त्यांचे आभार मानून सभा..."

"एक मिनिट," आतापर्यंत मुका असलेला वकिलांचा आवाज आला. "बाई एकच आहेत ना? मग आपण सगळे मिळून चारच. गणसंख्याच नाही."

"पण पडद्यावर अकरा दिसतायत!"

"दिसतायत ना?" मेट्रनबाई म्हणाल्या. "अहो, ती फुली कुठली?"

"अगं नको! सगळं जाईल!"

"जाऊ दे."

त्यांनी पहिली फुली दाबली. चेअरमनच्या पडद्यावर अकराचे दहा झाले. दुसरी दाबली, नऊ झाले. "बाई, थांबा! दोन वर्षांनी माणसं जमलीत हो!" चेअरमन काकुळतीला आले, पण बाईंचा हात आता चांगला बसला होता. टप, टप, टप. एकेक मेट्रन सभेतून उठून चालती झाली. शेवटचा टॅब उरला तेव्हा बाईंनी त्यात तोंड घालून सांगितलं, "आणि पुन्हा माझ्या नावावर माझ्याविरुद्ध मत घेतलंत तर याद राखा," आणि तोही मिटवला.

सभा रद्द झाली. सरांना वाटलं, आता सगळं काही हरवलं असणार. त्यांनी कॉम्प्युटर उघडून खात्री केली, काहीच हरवलं नव्हतं. फुलीला आपण उगाच घाबरत होतो हे कळून ते दोन दिवस खिन्न होते.

पुढच्या महिन्यात दारावरची बेल वाजली. दारात चेअरमन. हातात चष्मा.

"आत येणार असाल तर पाय पुसून या," मेट्रनबाई म्हणाल्या.

चेअरमन पाय पुसून आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "बाई, पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलंय. आत कबुतराची पिसं पडलीत, शेवाळ आलंय. टाकी धुवून नवं झाकण बसवायचं तर सभेचा ठराव लागतो. दोनदा सभा बोलावली. एकदा तिघं आले, एकदा मी एकटाच होतो."

"कबुतराची पिसं?" बाईंचा आवाज हॉस्पिटलच्या काळातल्यासारखा थंड झाला. "हे पाणी लोक पितायत? माझी झाडं पितायत?"

"म्हणून तर आलो." चेअरमनने सरांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि मग एका दमात बोलून टाकलं. "म्हटलं, मागच्या खेपेला तुम्ही आला होतात, तशा... जरा जास्त संख्येने आलात तर."

"लाज वाटत नाही?" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "खोटी माणसं उभी करू मी? तीस वर्षं नोकरी केली, हजेरीपटावर कधी खोटी सही होऊ दिली नाही! आणि तुम्ही माझ्या घरात येऊन, माझ्या खुर्चीवर बसून मला हे सांगता?"

"नको, नको. राहू दे." चेअरमन उठले. "बघतो. पावसाळ्यानंतर जमतील कदाचित लोक. तोवर गाळून प्यायचं."

ते दारापर्यंत गेले. बाई स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघत होत्या. नळ थेंबथेंब गळत होता, आणि त्या प्रत्येक थेंबाकडे त्या संशयाने पाहत होत्या.

"गच्चीच्या विषयाचं काय?" त्यांनी पाठमोऱ्या चेअरमनला विचारलं.

"कसला विषय?" चेअरमन झटक्यात वळले. "गच्चीचा कसला विषय? तसा काही विषयच नाही."

मेट्रनबाईंनी पदर खोचला, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि सरांकडे रागाने पाहिलं, जणू सगळा दोष त्यांचाच होता.

"बसलात काय नुसते? लावा तो कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या. "आणि यांना विचारा, किती जणी लागतील."