साल्हाचं अभेद्य कुलूप

साल्हाची नोकरी पक्की व्हायला दोनच दिवस उरले होते, आणि तिने स्वतःच लावलेलं कुलूप तिलाच उघडत नव्हतं.

तिची कंपनी दार-एस-सलामच्या चाळीस दवाखान्यांत रुग्णांचे नंबर लावणारं ॲप चालवायची. पुढेमागे क्वांटम संगणक आले की आजची सगळी कुलपं बिस्किटासारखी मोडतील, असं तिचे बॉस कितवाना साहेब यांनी एका परिषदेत ऐकलं आणि त्यांना जेवणच जाईना. मग साल्हाने ॲपच्या साऱ्या गुप्त किल्ल्या क्वांटमलाही दाद न देणाऱ्या नव्या कुलपात कोंडल्या. ते उघडायला एक लांबलचक वाक्य लागायचं. "कुठेही लिहायचं नाही," साहेबांनी बजावलं. साल्हाने नाहीच लिहिलं. घरी बसून काम करताना समोर दोरीवर आईचा पिवळा खांगा, म्हणजे काठावर एखादी ओळ छापलेलं नेसायचं कापड, वाळत होता. त्याच्या काठावर शेजारणीसाठी छापलेला झणझणीत टोमणा तिने जसाच्या तसा घातला. रोज डोळ्यांसमोरच तर असणार होता तो.

शनिवारी दुपारी सर्व्हर बंद पडला, पुन्हा उठला आणि वाक्य मागू लागला. साल्हाला पहिले दोनच शब्द आठवले. चाळीस दवाखाने ठप्प झाले. तिने घरी फोन लावला.

"आई, तो पिवळा खांगा कुठंय?"

"हलीमाच्या बाळाला दुपटी केली त्याची."

"सगळ्याची?"

"मग काय, बाळाचं एकात भागतं होय? नमुनाच होता तो. पसंत पडला म्हणून तर मावशीच्या मशाकाच्या लग्नाला सगळ्यांसाठी तसलेच घेतले. सव्वाशे जणी नेसून आल्यात, तुझाच पत्ता नाही."

लॅपटॉप पोटाशी धरून साल्हा रिक्षात बसली. साहेबही शेजारी घुसले.

लग्नघरी ढोल घुमत होते. टोमणा नेमका कमरेखाली, आणि एकही कंबर थांबायला तयार नव्हती. तिकडे बघणं बरं दिसेना, म्हणून साहेब भिंतीकडे वळले. तिथे निळ्या खांग्यातली नवरीची आजी तेवढी चटईवर स्वस्थ बसली होती.

"मावशी, जरा स्थिर उभी राहा ना. दवाखाने बंद पडलेत."

"माझी कंबर थांबली तर मलाच दवाखान्यात न्यावं लागेल."

शेवटी आईने मावशीचे खांदे घट्ट धरले. साल्हाने गुडघ्यांवर बसून वाक्य टाइप केलं. कुलूप उघडलं.

"साल्हा," साहेब भिंतीशीच बोलले, "ही किल्ली किती जणींकडे आहे?"

"सव्वाशे. शिवाय बाजारात उरले असतील तेवढे."

"म्हणजे क्वांटमला हजारो वर्षं जे जमणार नाही, ते तुझी मावशी नेसून नाचतेय. आण तो लॅपटॉप. नवीन वाक्य मी घालतो, आणि तुला सांगणार नाही. तुझ्या नोकरीचं सोमवारी बघू."

सोमवारी सकाळी सर्व्हर पुन्हा बंद पडला आणि वाक्य मागू लागला. साहेबांनी साल्हाला आत बोलावलं, दार लावून घेतलं, घसा साफ केला.

"ती नवरीची आजी... निळ्या खांग्यातली."

"तिचं काय, बॉस?"

"ती तो पुन्हा कधी नेसेल?"

साल्हाने खुर्ची पुढे ओढली आणि ऐसपैस बसली.

"आधी माझ्या नोकरीचं बघू," ती म्हणाली.