सिंहाची उन्हाळी आणि सातासमुद्रापलीकडचं फळ

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता आणि त्याला उन्हाळी लागली होती. उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ. हसू नका. राजालाही होते.

डरकाळी अर्ध्यावर सोडून महाराज झाडामागे पळत. दरबार ताटकळत बसे.

मग परदेशी जाऊन आलेला कोल्हा पोतं घेऊन पुढे आला.

"महाराज, क्रॅनबेरी! सातासमुद्रापलीकडचं फळ. व्हिटॅमिन सी, फायबर, अँटिऑक्सिडंट! रोज मूठभर खायची आणि वर हंडाभर पाणी प्यायचं."

महाराज हंडाभर पाणी प्याले आणि बरे झाले. श्रेय क्रॅनबेरीला मिळालं. पाण्याला कोण विचारतो?

झालं! हत्ती वजनासाठी खाऊ लागला, मोर कांतीसाठी. माकडं तर नुसती दुसरे खातात म्हणून.

हाल झाले भागी अस्वलिणीचे. करवंदं विकून तिचं घर चालायचं. आता पळसाच्या द्रोणातली काळीभोर करवंदं संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहत. पिल्लं रोज तीच खाऊन कंटाळली. भागीला रडू यायचं.

शेवटी ती दरबारात गेली. "म्हाराज, मलाबी एक द्या की. बघू तरी काय एवढं हाय त्यात."

कोल्ह्याने नाइलाजाने एक दिलं. भागीने ते अर्धं चावलं आणि सवयीने आत पाहिलं. करवंद खाताना तुम्हीही पाहता ना? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी!

"अगं बया, कोंबडा!" भागी ओरडली.

"कुठाय?" म्हणत कोल्ह्याने उडी मारली. पोतं कलंडलं. पाकातली फळं सांडली आणि त्यांच्याबरोबर करवंदीचे काटे, डहाळ्याही.

"ही तर माझ्या जाळीतली! कच्ची तोडून पाकात बुडवलीस व्हय रे, कोल्होबा?"

कोल्ह्याने शेपूट घातली. महाराज विचारात पडले.

"भागाबाई, फळ तुमचंच, मान्य. पण आम्ही बरे झालो ते क्रॅनबेरीने. करवंदाने झालो म्हटलं तर दुखणं उलटायचं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी भागी त्याच जागी, तेच द्रोण घेऊन बसली. "घ्या, ताजी क्रॅनबेरी!" उन्हं चढायच्या आत टोपली रिकामी झाली.

रांगेत पहिला होता कोल्हा. त्याने एक चावलं आणि हळूच विचारलं, "भागाकाकू, बघा ना, कोंबडा की कोंबडी?"

तात्पर्य : करवंदं पौष्टिक असतात, मुलांनो. फक्त ती आपल्याच जाळीतली आहेत हे पोटाला कळू देऊ नये, नाहीतर गुण येत नाही.