उलटी चिमणी

थोरल्या जावेच्या पोटात सकाळपासून दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं. धाकट्या जावेची गोधडी तिच्यासमोर पलंगावर पसरली होती आणि ती सुंदर होती.

थंडी सरून झाडांना पालवी फुटली, की वाचनालयात गोधड्यांचं प्रदर्शन भरायचं. पहिलं बक्षीस सलग तीन वर्षं थोरलीचं होतं. चौथंही तिने मनातल्या मनात घेऊन टाकलं होतं. आणि वरच्या मजल्यावरची ही धाकटी! सुई हातात धरून जेमतेम वर्ष झालेलं. टाके तर असे, की एक या गावाला, दुसरा त्या गावाला. पण राखाडी कापडावर पिवळ्या चिमण्या बसवायचं थोरलीला वीस वर्षांत सुचलं नव्हतं, आणि तिची जळजळ होत होती ती त्याचीच.

"ताई, मी दोन दिवस आईकडे जाऊन येते. तुमच्या गोधडीबरोबर माझीही तेवढी देऊन टाकाल? आज संध्याकाळी सहाच्या आत द्यायचीय," असं सांगून धाकटी सकाळीच गेली होती.

"देईन हो, त्यात काय!" थोरली म्हणाली होती.

आता तिने चष्मा लावला आणि खोट शोधायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत ती सापडली. चोवीस चिमण्यांपैकी एक चक्क डोकं खाली, पाय वर! थोरलीला आनंदाने भरून आलं.

"अहो, लवकर या! ही बघा, उलटी बसवलीय!"

नवरा येऊन वाकून बघून म्हणाला, "मग फोन करून सांग तिला."

"मी कशाला सांगू? परीक्षकबाई आहेत की सांगायला. त्यांना असलं दुरून दिसतं."

तिने खुशीत चहा केला. पण प्यायला बसली आणि नजर गेली ती त्या चिमणीवर. पाठ फिरवून बसली, तरी चिमणी उलटीच. वीस वर्षं कुणाचा चुकलेला टाका तिला पाहवला नव्हता. वैरिणीचा असला म्हणून काय झालं? अकरा वाजता तिने "एकच चिमणी" असं स्वतःला बजावलं, ती उसवली, सरळ केली आणि कडेने तांदळाच्या कणीएवढ्या टाक्यांनी शिवून टाकली.

तिथेच घोटाळा झाला. ती एक चिमणी भांग पाडून बसल्यासारखी दिसायला लागली आणि शेजारणी नुकत्याच भांडून आल्यासारख्या. परीक्षकबाईंनी दुसऱ्याचा हात ओळखला, तर गोधडी कुणाकडे होती, हे निघणारच! थोरलीने शेजारच्या दोघी उसवल्या. मग ओळ पुरी करावी लागली. मग वरची ओळ बिघडलेली दिसायला लागली.

साडेपाचला नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. "झालं का?"

"शेवटची चिमणी!"

"ती तिची गं. तुझ्या गोधडीची किनार शिवायची राहिली होती ना?"

थोरली किंचाळली. तिच्या स्वतःच्या गोधडीची किनार गाडीत शिवली गेली, आणि रस्त्यावर जेवढे खड्डे होते तेवढी ती वाकडी झाली.

निकालाच्या दिवशी धाकटी आईकडून थेट वाचनालयाच्या सभागृहात आली. "ताई, टांगल्यावर माझी गोधडी किती वेगळी दिसते ना!"

"उजेड चांगला आहे इथे," थोरली म्हणाली.

पहिलं बक्षीस धाकटीला मिळालं. थोरलीला दुसरंही नाही. उत्तेजनार्थ मिळालं, "किनारीकडे लक्ष द्यावे" अशा शेऱ्यासकट. तिच्या अंगाची लाही लाही झाली. त्यात परीक्षकबाई म्हणाल्या, "रंग तर छानच, पण हे टाके! मी असा हात पाहिला नव्हता. या, जरा सगळ्यांना शिवून दाखवा."

सुई हातात आली तशी धाकटी पांढरीफटक पडली. थोरली सावरून बसली. आता मजा! पहिला टाका नखाएवढा पडला, दुसरा त्याहून लांब. सभागृहात कुजबुज सुरू झाली. थोरलीला हसू यायला हवं होतं. तिचे हात शिवशिवायला लागले. तिसरा टाका तिरका जाताना दिसला आणि ती ताडकन उठली.

"अगं, अशी काय धरतेस सुई? आण इकडे!"

तिने सुई ओढून घेतली आणि रागारागाने बोटभर ओळ शिवली. कणीएवढे, एकासारखे एक टाके. सगळे माना उंचावून बघायला लागले. आता कळलं सगळ्यांना, असं तिला वाटलं, आणि मान आपोआप ताठ झाली.

परीक्षकबाईंनी पुढे होऊन धाकटीचा हात हातात घेतला. "चार लोकांत हात बिचकतोच. पण पाहिलंत? घरात असा गुरू असला, की या वयातही माणूस शिकतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीचा नवरा सगळ्यात जोरात वाजवत होता.