भिंतीचं उत्तर

जुन्नरच्या बाजारपेठेत कांतीसरांचा व्हायोलिनचा क्लास आहे. तिथं पास-नापास सर ठरवत नाहीत, भिंत ठरवते. पोरानं वरचा 'सा' ओढायचा, गज उचलायचा आणि श्वास धरून थांबायचं. समोर भिंतीवरच्या खुंटीला दुसरं व्हायोलिन टांगलंय. त्याला कुणाचा हातही लागत नाही. ते आपणहून गुणगुणलं की सर म्हणणार, "उत्तर आलं. घरी जा." नाही गुणगुणलं तर, "राव, सूर काय उसाचा ट्रॅक्टर हाय, कुठूनबी वळवायला? पुन्हा!"

टांगलेलं व्हायोलिन सरांच्या बायकोचं, विमलकाकूंचं. काकू जाऊन वर्षं झाली. त्यांची चटई मात्र रोज अंथरली जाते आणि तिच्यावर कुणी पाय देत नाही. खोटं कशाला बोलू, ते गुणगुणणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही मानेवर काटा आला.

पण पोरं घरी सांगणार, "काकू पास करत्यात," आणि शिकलेसवरलेले आईबाप क्लास बंद करणार? मग आम्ही अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटतो ती काय भेळ बांधायला? एका संध्याकाळी मी पालकांना पोरांसकट क्लासातच गोळा केलं. टांगलेल्या व्हायोलिनच्या तारेवर बोट ठेवलं. सरांनी 'सा' ओढला. भिंत गप्प. बोट काढलं. भिंत बोलली.

"एका सुरातल्या दोन तारा," मी ठणकावलं. "एक वाजली की दुसरी थरथरते. यात भूत कुठंय?"

"पटलं, भाऊ," महाळुंग्याच्या सविताताई म्हणाल्या. "पण पोरगी झोपंत दचकती. सर, तेवढ्या तारा सैल करा, उद्यापासून धाडते." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"करा की सर," मीही म्हणालो. "क्लास वाचेल."

सरांचा हात व्हायोलिनपाशी गेला. तसाच मागं आला.

"भूत नाय, हे मला ठावं हाय. भूत असतं तर रोज सकाळी तारा जुळवत कशाला बसलो असतो? विमल माझी पयली विद्यार्थिनी. फुडं माझ्यापरीस तिचाच कान तयार झाला. मी बेसूर झालो की ती गप बसायची. हे बी तसंच बसतं. समदे मला सर म्हणत्यात, राव. चुकलं म्हणणारं आता कोण हाय?"

सविताताईंनी पोरीचा हात धरला. मागोमाग सगळेच उठले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. सरांनी 'सा' ओढला. भिंत गप्प.

"हां, चढला जरा," चटईकडं बघत ते पुटपुटले. बोट किंचित मागं घेतलं, पुन्हा ओढला.

उत्तर आलं.

मी पत्रकं पिशवीत कोंबली आणि चटईला वळसा घालून बाहेर पडलो.