केशर घोडीच्या टोपीचं भोक

एका जंगलात एकदा अशी थंडी पडली, की कावळ्यांनी सकाळची कावकाव दुपारवर ढकलली. कुणी हसू नका. थंडी ही काही हसायची गोष्ट नाही.

त्या जंगलाचा राजा होता वाघ. राजेसाहेब फार दयाळू. प्रजा कुडकुडलेली त्यांना बघवायची नाही, कारण कुडकुडलेली प्रजा वातड लागते. म्हणून त्यांनी दवंडी पिटवली, "यंदा सरकारतर्फे सगळ्या प्रजेला टोप्या घालण्यात येतील!"

मागच्या रांगेत कोण खिदळलं? खरोखरच्या टोप्या, बाळांनो. लोकरीच्या, कानांवरून खाली येणाऱ्या कानटोप्या.

विणायचं काम आलं साळूबाईकडे. साळूबाई म्हणजे सायाळ. तिला सुया विकत आणाव्या लागत नसत. पाठीवरचे दोन काटे उपसले, की बसली विणायला. मेंढ्यांनी लोकर दिली आणि माप दिलं भांडारप्रमुख कोल्हेसाहेबांनी. माप राजेसाहेबांच्या डोक्याचं होतं.

"राजाचं डोकं तेच राज्याचं डोकं," कोल्हेसाहेब म्हणाले. आणि सगळ्या टोप्या त्याच मापाच्या विणल्या गेल्या.

टोप्या वाटून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी केशर घोडी साळूबाईच्या दारात उभी राहिली. केशरची आयाळ म्हणजे काय विचारता! कपाळावरून सुटायची ती थेट गुडघ्याशी. त्या केसांवर टोपी बसायची कशी? ती डोक्यावर उंच तरंगत होती आणि दोन्ही कान बाहेर.

"साळूताई, माझ्या कानांचं काहीतरी करा हो," केशर म्हणाली. "डावा मागच्याच थंडीत बधिर झाला. आता उजवा ठणकतोय."

आता घोडीला कान म्हणजे जीव. राजेसाहेब दयाळू होते, हे मी सांगितलंच. पण त्यांना भूकही लागायची. झाडीत पाचोळा वाजला की केशर पळायची, म्हणून तर इतकी वर्षं टिकली होती. उजवाही कान गेला, तर पाचोळा तिच्यासाठी वाजणारच नव्हता.

दोघी कोल्हेसाहेबांकडे गेल्या.

"त्यात काय? केस कापा," कोल्हेसाहेब म्हणाले. "टोपी सरकारी आहे, केस खाजगी आहेत."

"नाही कापणार," केशर म्हणाली. "या केसांनी मी माशा वारते, उन्हात मान झाकते. आणि खरं सांगू? मला ते आवडतात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून साळूबाईचा जीव कळवळला. "रडू नको ग," ती म्हणाली. "मी आहे ना! तुझ्या केसाला धक्का लागू देणार नाही."

तिनं एक साधी युक्ती केली. नवी टोपी विणताना मागच्या बाजूला आठ टाके बंद केले, पुढच्या ओळीत पुन्हा आठ घातले. झालं एक सुबक भोक. त्यातून आयाळ बाहेर ओढायची, की टोपी सर्रकन कानांखाली येणार. पण नवी टोपी शिक्क्याशिवाय घालता येत नसे आणि शिक्क्याआधी ती रफूखात्यातून जाई. रफूखात्यात होता एक कोळी. आयुष्यात त्यानं एक भोक सोडलं नव्हतं. संध्याकाळी टोपी परत आली, तर भोक गायब.

साळूबाईनं पुन्हा भोक केलं. कोळ्यानं पुन्हा बुजवलं. तिसऱ्या वेळी ती स्वतःच गेली.

"अहो, ते भोक मी मुद्दाम ठेवलंय!"

"मुद्दाम?" कोळ्यानं आठही पाय आखडून घेतले. "बाई, आजवर मी भोकं चुकून पडतात म्हणून गप्प होतो. आता वर कळवावं लागेल."

वर कळवलं गेलं. त्यात आठ दिवस गेले. केशर रोज उजवा कान झाडाच्या ढोलीत खुपसून उभी राहायची. शेवटी राजेसाहेबांनी कागद वाचला आणि त्यांचं मन द्रवलं. "भोक मंजूर!" ते म्हणाले.

साळूबाईनं आनंदानं उडीच मारली. पण कोल्हेसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "एकट्या घोडीलाच भोक?" ते म्हणाले. "उद्या बाकीचे म्हणतील, सरकार पक्षपात करतं."

मग काय! कोळ्याला हुकूम गेला. ज्यानं जन्मभर भोकं बुजवली, त्यानं त्या आठवड्यात सगळ्या जंगलाच्या टोप्यांना भोकं पाडली. सशाच्या टोपीला भोक, हत्तीच्या टोपीला भोक. केशरची टोपी मात्र सगळ्यांच्या टोप्यांबरोबरच मिळणार होती.

टोप्या वाटायच्या दिवशी पहिला आरडाओरडा केला गिधाडअण्णांनी. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. भोकातून वारा थेट टकलावर! "आम्ही मरावं काय?" ते गरजले. त्यांच्यामागे बेडूक, कासव, सगळे गरजले.

कोल्हेसाहेबांनी विचार केला. भोक रद्द करणं शक्य नव्हतं. त्यावर राजेसाहेबांची सही होती. तेव्हा भोक राहणारच, ते भरायला केस हवेत. "प्रत्येकाला एकेक गंगावन द्या," ते म्हणाले. गंगावन म्हणजे खोटे केस, बाळांनो. विचारा आपापल्या आजीला.

आता गंगावनाला केस आणायचे कुठून? जंगलात लांब केस होते कुणाचे?

चार रेड्यांनी केशरला धरलं आणि माकडांनी कात्री चालवली. साळूबाई धावत आली तोवर अर्धी आयाळ जमिनीवर पडली होती.

"अहो, हे काय करताय?" ती किंचाळली. "ते केस बाहेर काढायलाच तर भोक होतं!"

"हो ना," कोल्हेसाहेब म्हणाले. "काढले की बाहेर."

संध्याकाळी केशरला तिची टोपी मिळाली, शिक्क्यासकट, भोकासकट. भोकातून काढायला आता केस नव्हते, वारा तेवढा आत शिरत होता आणि भोकानं सैल पडलेली टोपी कानांवरून वर सरकत होती. तिनं गंगावन मागितलं. कोल्हेसाहेबांनी यादी पाहिली. "तुमचं नाव लांब केसवाल्यांत आहे. तुम्हाला कशाला हवं?"

पाच दिवस तिनं ती टोपी तशीच घातली. सहाव्या दिवशी साळूबाईला राहवेना. नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिनं ते भोक स्वतःच्या हातानं शिवून टाकलं आणि टोपी केशरच्या डोक्यावर ओढली. बोडक्या डोक्यावर ती अगदी घट्ट बसली. दोन्ही कान झाकले गेले.

मागून गाठ मारता मारता साळूबाईनं विचारलं, "बरं वाटतंय का ग आता?"

केशर समोर बघत गवत चघळत राहिली.

"केशर?"

साळूबाईच्या हातून सुई पडली. ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. तेही केशरला ऐकू आलं नाही.

कोल्हेसाहेबांनी अहवाल लिहिला : 'घोडीला मूळ सरकारी टोपी, भोकाविना, अचूक बसते. म्हणजे टोपीत मुळात दोष नव्हता. घोडीची आता काहीही तक्रार नाही. तिला दोनदा हाका मारून खात्री केली आहे.' राजेसाहेब खूश झाले. अशा समाधानी प्रजेला आपण जातीनं भेटलं पाहिजे, असं ते म्हणाले.

साळूबाईनं विणकाम सोडलं. ती आता दिवसभर केशरच्या पायाशी चरते. पाचोळा वाजला, की केशरच्या पोटरीत एक काटा खुपसते आणि केशर उधळते. तिच्या चारही पायांना जखमा आहेत, पण अजून ती जिवंत आहे.

तात्पर्य : टोपी डोक्यात बसत नसेल, तर मुकाट्यानं तशीच मिरवावी. तक्रार केली, की सरकार मनावर घेतं.