भुताच्या पिक्चरमधले संत

मी हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू देऊ नकाच! पण एकाच पिक्चरला लोक आधी हात जोडताना, मग किंचाळताना आणि शेवटी दोन्ही एकदम करताना उभ्या भोसरीत फक्त मी पाहिलेत.

विषय काढला नातीनं. स्नेहल पुण्यात सिनेमा शिकते. परवा जेवताना म्हणाली, "आजोबा, आधी जॉनर ठरवायचा. भयपट तो भयपट, भक्तिपट तो भक्तिपट. सरमिसळ केली की प्रेक्षक उठून जातो."

"उठून जातो? आमच्या प्रेक्षकानं नारळ फोडला!"

आता जिथं लेथ मशिनींची शेड आहे ना, तिथं जत्रेला सयाजीशेठचा सिनेमाचा तंबू लागायचा. मी प्रोजेक्टर मशिनीवरचा ऑपरेटर. त्या दिवशी पहिल्या रांगेत मारुतराव, मागं बायकांत त्यांची लेक आक्काबाई. मारुतराव आले होते ते पिक्चर बघायला नव्हे, जावई बघायला! त्यात शेठचा दम, "सोपान, आज खेळ पडला तर उद्यापासून येऊ नको." म्हणजे नोकरी गेली की नवरीही गेली!

आणि नेमका दापोडी स्टेशनावरून रिळांचे डबे आणताना मी सायकलवरून आपटलो. एक संतांचा, एक भुताचा, दोन्ही पिक्चरची रिळं रस्ताभर, शेवया वाळत घातल्यासारखी! हाताला येईल ते गुंडाळलं, दिसेल त्या डब्यात कोंबलं.

खेळ सुरू. संत ध्यानाला बसले. बायकांनी हात जोडले. तोच पांढऱ्या साडीतली बाई! केस मोकळे, हातात मेणबत्ती, खदाखदा हसतेय!

"देवी प्रकटली!" कुणीतरी ओरडलं. फुटला नारळ.

देवी हवेलीत शिरली. दार करकरलं. मिशाळ गडी एकमेकांच्या मांडीवर! दार उघडलं... आणि आत टाळ वाजवत संत! लोकांनी असा गजर धरला, की खुंट्या उपटल्या, तंबू फुग्यासारखा उडाला आणि थेट आळंदीला जाऊन उतरला!

"आजोबा!"

"बरं, उडाला नसेल. हलला. पण मारुतराव डोळे पुसत उठले, म्हणाले, 'मशिनीवर असा हात बसलेला जावई दिवा लावून शोधला तरी...'"

"कसली मशीन?" वाढणाऱ्या आजीनं, म्हणजे आक्काबाईनंच, भाकरीचं टोपलं आपटलं. "खोटं! धादांत खोटं! त्या दिशी लायटीचं इंजिन सुरूच झालं न्हाई. पडदा कोराच हुता. लोकं खवळली, खांब उपटाया निघाली. तवा ह्ये पडद्याम्होरं हुबं ऱ्हायलं आन् दोन्ही पिक्चर तोंडानं सांगितलं, एकात एक घुसडून! भुताचं हसनं बी ह्येच, टाळ बी ह्येच!"

मी ताटात बघू लागलो.

"मग पणजोबा काय म्हणाले?" स्नेहलनं विचारलं.

"म्हनलं, पोरगं लई थापाड्या हाय. पर दिव्याबिगर न निजनारी आपली आक्की मघापास्नं अंधारात बसलीया, आन् एकदा बी भ्याली न्हाई."