सेगावांच्या घरचं बहिरं मोडेम

स्वतःची ओळख करून देताना यंत्रदुरुस्तीवाला कुनिएदा डोळे मिटत असे. "यंत्राच्या मनात काय चाललंय ते यंत्राआधी मला कळतं. तीस वर्षांत एकाही झेरॉक्स मशीनला माझ्यापासून गुन्हा लपवता आलेला नाही."

हे तो गावाच्या सार्वजनिक न्हाणीघराचे मालक सेगावा यांच्या बैठकीत, फाटका मोजा पुढे करून सांगत होता. मोजा फाटल्याचं मात्र त्याला कळलेलं नव्हतं. त्याच्या मदतनिसाला, निवृत्त पोस्टमन होरिगुचीला, ते दारातच दिसलं होतं. पण सांगून उपयोग नसतो, हे होरिगुची दोन वर्षांत शिकला होता.

सेगावा आणि समोरच्या बेटावरचे आकिबा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. फक्त पोस्टकार्डावर चाली लिहून शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळत. निवृत्त होईपर्यंत ती कार्डं होरिगुचीनंच वाहिली होती. यंदा आकिबांनी कळवलं, जग पुढे गेलं, आता चाल ई-मेलनं. आजची चाल पाचच्या आत पोचली नाही तर डाव गेला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच सेगावा जिंकत होते.

कुनिएदानं त्यांच्या कॉम्प्युटरवरचं होतं नव्हतं ते पुसून लिनक्स नावाची प्रणाली चढवली होती. "फुकट आहे, कुणाच्या बापाचं नाही. बिघडलं तर आत डोकावता येतं." परवापासून तो आत डोकावतच होता.

कॉम्प्युटरला फोनशी जोडणारं मोडेम लाइनवर जाई, ऊंऽऽ असा सूर येई, मग पीपीपी करून नंबर लावला जाई आणि पुन्हा तोच ऊंऽऽ. जणू पलीकडे कुणी ऐकलंच नाही.

"मोडेम कामचुकार आहे," कुनिएदा म्हणाला. "काही मोडेमं निम्मं काम कॉम्प्युटरच्या गळ्यात मारतात. तोंडावरूनच कळतं."

"त्याला तोंड कुठंय?" होरिगुचीनं विचारलं.

"म्हणूनच संशय."

कामचुकारपणाचा पुरावा मिळेना, तेव्हा त्यानं न्हाणीघराच्या वाफेला धरलं. मोडेम अर्धा तास पंख्यापुढे वाळवलं. वाफही निर्दोष निघाली, तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "आकिबांनी समुद्राखालची तार कापली असणार."

"ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत," सेगावा म्हणाले.

"म्हणजे वेळ भरपूर."

सेगावांच्या बायकोनं, फुमिएबाईंनी, चहा ठेवला आणि नवी चाल मांडलेल्या पटाकडे पाहिलं. "अहो, ते प्यादं..."

"शांतता," कुनिएदा म्हणाला.

साडेचार वाजले. सेगावांच्या हातातला चालीचा कागद घामानं ओला झाला होता. फुमिएबाईंनी मोडेमची तार उपसली, कोपऱ्यात ढकललेला काळा फोन जोडला आणि भोकांच्या चकतीत बोट घालून घर्रऽ घर्रऽ नंबर फिरवला. रात्रीसाठी नूडल्स सांगितल्या. पलीकडच्यानं पहिल्या झटक्यात ऐकलं.

कुनिएदा आ वासून बघत राहिला.

"तुमचं यंत्र पीपी करतं," बाई म्हणाल्या. "आमच्या लाइनला पीपी कळत नाही, फिरवावं लागतं. बटणांच्या लाइनसाठी अर्ज करायचा असतो. एकोणीस वर्षं सांगतेय यांना."

"आधी का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं?"

"माझा अंदाज हाच होता," म्हणत कुनिएदानं सेटिंगमध्ये एक खूण बदलली. मोडेम टकटकटक वाजलं, मग घशात मासळीचा काटा अडकल्यासारखं खाकरलं आणि जोडलं गेलं. चार त्रेपन्नला चाल गेली. सेगावांचे डोळे भरून आले.

पाच वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं. "एकाच उभ्या रांगेत तुमची दोन प्यादी. नियमानं हरलात. आकिबा."

हा नियम पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. सेगावांनी पटावरची ती रांग बोटानं मोजली आणि ते बायकोकडे वळले.

"तू पाहिलं होतंस?"

"चहा ठेवताना. सांगतही होते. साहेबांना शांतता हवी होती."

कुनिएदानं वही मिटली. "मोडेमपुरतं पाहिलं तर प्रकरण सुटलं." होरिगुचीनं त्याला कोपरानं ढोसलं, आणि मोज्याचंही सांगून टाकलं.

सेगावांनी मोडेमची तार काढून काळा फोन जोडला. नंबर त्यांना पाठ होता. सातही आकडे त्यांनी न थांबता फिरवले.

"आकिबा, मीच," ते म्हणाले. "म्हातारा झालो रे, प्यादी दिसेनात. नवा डाव मांड. आणि ई-मेल नको, चाल अशीच फोनवर सांग."